खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

२९ जानेवारी २००१, सोमवार

लाल कोंबडी खोक्यातून उठत नाही. हात घातला की फुगते, घशातून घोगरा आवाज काढते. आज चोच मारली, रक्त आलं. आई खिडकीतूनच बोलली, "खुडूक झाली ते. अंडी देनं बंद आता, उबवाले बसाचं हाय तिले. एकवीस दिवसांचं काम हाय. तुह्याच्यानं होते का पाहा."

टोमणा कळतो. कॉलेजही दुसऱ्या वर्षाच्या मधातच सुटलं. प्रॅक्टिकलची वही पाहून सर सगळ्यांसमोर हसले. मी वही फाडली, त्यांच्याच टेबलावर ठेवली अन् निघून आलो. दिवाळीपासून घरी आहे. बाबा रेल्वेत फिटर, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. समोर बसलो असलो तरी आईला म्हणतात, "सांग त्याले."

चार कोंबड्या, एक कोंबडा, क्वार्टरच्या मागचं अंगण — सध्या एवढंच माझं.

३० जानेवारी

संध्याकाळी भावना भिंतीपाशी आली. त्यांचं क्वार्टर अन् आमचं लागून — मागच्या अंगणाची भिंत एकच. कॉम्प्युटर क्लासहून येते, वाळलेले कपडे काढते, तेवढ्यात बोलणं होतं. दोन वर्षं असंच चाललंय. कोणाला माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

मी पुन्हा लग्नाचा विषय काढला. म्हणाली, "बाबांले काय सांगू? पोट्टा काय करते म्हणतील. भांडते म्हणून सांगू?"

मी चिडलो. तिनं बोट दाखवलं — हे बघ, हेच.

मग कपडे खांद्यावर टाकून म्हणाली, "एक काम धर. शेवटापर्यंत ने. मधात कोणाच्या अंगावर जाऊ नको. मग मी बोलीन बाबांशी."

मी म्हटलं, उद्या कोंबडी बसवून राहिलो. खूप हसली. मग हसणं थांबवलं. "चालते. पिल्लं निघतपर्यंत. एक भांडण झालं का खतम."

ठरलं.

३१ जानेवारी

बसवली. टमाट्याची फुटकी पेटी ठोकून घेतली, खाली ओली माती, वर पैरा — दूधवाल्याच्या म्हशींसमोरून धानाचा पेंढा दोन कवळ्या उचलू दिला त्यानं. अकरा अंडी, कोंड्यात जपून ठेवलेली. आई म्हणते विषमच पाहिजेत. काहून, ते तिलाही माहीत नाही. दाणा म्हणजे किराणावाल्याकडची झाडलेली कनकी, तांदळाचा चुरा. विकत काहीच आणलं नाही, आणायला आहे काय?

पेटी भावनाच्या भिंतीला लागून ठेवली. तिथे सावली असते. (फक्त सावलीसाठी नाही.)

एकवीस फेब्रुवारी, बुधवार. पेन्सिलनं पेटीवर लिहून ठेवलं.

३ फेब्रुवारी

दिवसातून एकदाच उठते. खाते, पाणी पिते, मातीत लोळते, घाईघाईनं परत. पंधरा मिनिटं. बाकी सगळा दिवस नुसती बसून. मला पाच मिनिटं जमत नाही.

६ फेब्रुवारी

कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस आणायला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर म्हणतो, "शीशी सौ मुर्गियों की है, तुम्हारी पाँच. खोलूँ किसके लिए?" दिवाळीआधीचा मी असतो तर ती शिशी फुटलीच असती. म्हटलं, भैया, पाऱ्यातल्या, आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या कोंबड्या जमवतो. त्यानं वरून खालपर्यंत पाहिलं, मग दिली. सुया दिल्या, कशी टोचायची ते दाखवलंही.

थर्मासमध्ये बर्फ घालून घरोघर फिरलो. एक म्हातारी सात कोंबड्या ओट्यावर धरूनच बसली होती. "हव बेटा, लगा दे." पुढच्या घरी तो माणूस बायकोला ओरडून सांगतो, "अजी सुनती हो, कॉलेज वाले डाक्टर साहब आए हैं!" कान तापले. त्याच्या चारही कोंबड्या टोचल्या, नमस्कार केला, निघालो.

त्रेपन्न पाखरं झाली. खुडूक तेवढी सोडली, तिला कोण उठवेल. भावना फाटकातून पाहत होती.

८ फेब्रुवारी

पुठ्ठ्याची नळी करून टॉर्चवर अंडी धरून पाहिली. नऊत लाल शिरा पसरल्यात, मधात एक ठिपका हलतो. दोन कोरी निघाली, ती काढली. नऊ.

हलतो म्हणजे खरंच हलतो.

११ फेब्रुवारी, रविवार

आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं. माझ्याकडे न पाहता. "काल भावनाले पाहून गेले. धम्मदीप नाव हाय. मंत्रालयात हाय पोट्टा, नवं राज्य झालं, आपल्या इथं राजधानी झाली त भोपाळहून इकडं आला. शंकर नगरात खोली केली. पसंत हाय म्हनते त्याईले. पुढच्या रविवारी साक्षगंध."

मी उठलो. दाराची कडी काढली. गंगाधरकाका, भावनाचे बाबा, त्यांच्या ओट्यावर पेपर वाचताना दिसत होते. दहा पावलं. काय बोलायचं तेही तोंडात तयार होतं, आणि ते बोलणं नव्हतंच.

कडी लावली. मागच्या दारानं अंगणात गेलो अन् पेटीपाशी बसलो. कोंबडीनं एक डोळा उघडला, मिटला. दहा दिवस राहिले. आज गेलो असतो तर भावनाला दिलेला शब्द मीच मोडला असता. अंधार पडेस्तोवर बसलो होतो. ती भिंतीपाशी आली नाही.

१२ फेब्रुवारी

आली. अर्धा मिनिट.

"मी हो म्हटलं नाही. नाही बी म्हटलं नाही. मले कोणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, मग बोल ना काकांशी.

"पिल्लं निघाली का?"

"एकवीसला."

"साक्षगंध अठराला आहे," म्हणाली. मग गेली.

मी विचार केला. तीन दिवसांचाच फरक. साक्षगंध म्हणजे साखरपुडाच, काही लग्न नाही, मोडतातही लोक. पिल्लं निघाली की ती बोलणार, शब्द तिचाच आहे. माझ्याकडे एकच काम — कोणाच्या अंगावर जायचं नाही. ते मी करीन. मेलो तरी करीन.

१५ फेब्रुवारी

बाबा ड्यूटीवरून आले, डबा हातात तसाच, पेटीपाशी उकिडवे बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "पानी जवळ ठेव तिच्या. ऊन वाढून राहिलं." मला! आई आत होती. मलाच म्हणाले.

वाटी जवळ ठेवली.

१७ फेब्रुवारी

नवीनच संकट. धम्मदीपच्या काकांनी धुमाल सांगितली आहे. गाडीवर ढोल, ताशे, भोंगे — खिडक्यांच्या काचा हलतात. गाडी उभी राहणार भावनाच्या दारात, म्हणजे पेटीपासून पंधरा-वीस हातांवर. आई म्हणते शेवटच्या दिवसांत ढग गडगडला तरी पिल्लू अंड्यातच मरते. खरं-खोटं माहीत नाही. पण कोंबडी उठून पळेल, हे नक्की. आणि एकदा उठली की संपलं.

पेटी हलवावी तर ती जागा सोडेल. आत घ्यावी तरी तेच.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेलो होतो. सगळं लिहून ठेवतो.

अकरा वाजता धुमालची गाडी वळली. मी धुतलेला शर्ट घातला अन् समोरच्या दारानं निघालो. आई मागून म्हणाली, "गौतम, नको रे." मी म्हटलं, काही करत नाही.

मांडवात पाय ठेवला अन् सगळं थांबलं. गंगाधरकाका खुर्चीवरून उठले. भावनाची आई, शारदाकाकू, पेढ्यांचं ताट घेऊन जागच्या जागी. तिचे दोन मामेभाऊ माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभे — हात मागे, पण तयार. धम्मदीप नव्या सुटात, बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून राहिला. भावना दिसली नाही. आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं.

भावनाची अन् कोंबडीची, दोन्ही गोष्टी तोंडाशी होत्या. मी एक गिळली.

म्हटलं, "काका, धुमाल तेवढी कोपऱ्यावर वाजवा. माझी कोंबडी बसली आहे अंड्यांवर. तीनच दिवस राहिले."

मग नवऱ्याचे काका, नरहर नाव त्यांचं, मांडीवर थाप मारून म्हणाले, "मुर्गी? अरे भैया, हम तो डर ही गए थे!" आणि सगळा मांडव हसला. मामेभाऊसुद्धा. धम्मदीप स्वतः उठून बाहेर गेला, गाडी कोपऱ्यावर नेऊन उभी केली. परत येऊन मला विचारतो, "कितने अंडे हैं?" नौ, म्हटलं. "निकलेंगे," म्हणाला. वाईट नाही माणूस. तेच वाईट वाटलं.

गंगाधरकाकांनी खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "सुधरला रे पोट्टा." जेवून जा म्हणाले. जेवलो. वरण गोड झालं होतं.

घरी आलो तर कोंबडी जागची हलली नव्हती. कोपऱ्यावरून आवाज येत होता, दबका. मी पेटीला टेकून बसलो. एका माणसालाही वाकडं बोललो नाही. मला माझाच विश्वास बसत नाही.

२० फेब्रुवारी

एका अंड्याला पहाटे बारीक भेग. कानाशी धरलं. आतून चिवचिव. कोंबडी वरून उत्तर देते, अगदी हळू, असा आवाज तिनं आधी कधी काढला नव्हता.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आठ! नवव्यातलं निघालं नाही, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग काढून घेतलं. तीन काळी, चार भुरकट, एक अगदी पिवळं. कोंबडीच्या पंखाखालून डोकी काढतात अन् परत आत. कनकी अजून बारीक करून टाकली. बाबांनी ड्यूटीचे बूटही काढले नाहीत, आधी अंगणात. एक, दोन करत पिल्लं मोजली, पुन्हा पहिल्यापासून. आईला म्हणाले, "गौतमनं केलं बघ."

एकवीस दिवस. एक काम, शेवटापर्यंत. एकही भांडण नाही. भिंतीवरून हळूच हाक मारून ठेवली आहे — उद्या ये पाहायला.

२२ फेब्रुवारी

भावना आली. पिल्लं पाहिली, पिवळं तळहातावर घेतलं. मी म्हटलं, झालं काम, आता बोल काकांशी. ती पिल्लाकडेच पाहत होती. म्हणाली, "तू मांडवात आला होता ना, तेव्हा मी दारामागं चप्पल घालून उभी होती."