भट्टीवाल्यांना दिलेला शब्द

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू कामगारमंत्री झाल्याचं रेडिओवर लागलं तेव्हा मी कपडे पिळत होते. आईला ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली की मंत्र्याला वेळेवर जेवायला देतात का, ते आधी विचार. दुपारपर्यंत तिने अख्ख्या चाळीला बातमी सांगून टाकली. तू मंत्री झालास तरी मला टिल्लूच. पत्रावर असं लिहिलेलं चारचौघांत चालणार नसेल, तर माझी पाकिटं फोडू नकोस म्हणून तुझ्या पीएला सांगून ठेव.

इथलं वर्तमान मात्र बरं नाही. काचकारखान्याच्या मालकाने निम्म्या माणसांना घरी बसवायचं ठरवलं, म्हणून संप सुरू झाला आहे. तुझे भावोजी संपातही आहेत आणि भट्टीवरही आहेत. तुला हे सांगायला नको, त्याच भट्टीवर भाजून निघालास आणि तिथूनच पुढारी झालास. पण तुझ्या कचेरीतल्या लोकांना नीट समजावून सांग. संप कितीही पेटला तरी आपले भट्टीवाले पाळीपाळीने आत जातात, बिनपगारी, आणि आग राखतात. भट्टी विझली की आतला काचेचा रस दगडासारखा थिजतो, विटा तडकतात, आणि ती भट्टी संपते. बाबा म्हणायचे, मालकाशी भांडा, भट्टीशी नको, भांडण मिटल्यावर तिच्याचपुढे उभं राहायचं आहे.

मालक कायमचं टाळं ठोकायला टपला आहे. भट्टी धगधगते आहे तोवर त्याला ते जमत नाही, म्हणून तो चरफडतो. हे म्हणतात की आता आपला माणूस खुर्चीवर आहे, काळजी नको. तूच मध्ये पड आणि काय ते मिटव.

आई बरी आहे. तुझ्या जेवणाचं कळव. लोभ आहेच, तो खुर्चीमुळे आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मीच फोडलं, आणि ‘टिल्लू’ वाचून एकटाच हसलो. इथे सगळे मला साहेब म्हणतात आणि माझ्या आधी लिफ्टमध्ये शिरतात. जेवण मिळतं, पण समोर फायली असतात. आईला सांग, वजन वाढलं आहे.

मालकाला बोलावून घेतलं. दोन बैठका झाल्या. माणूस वाईट नाही, हट्टी आहे. त्याचं म्हणणं असं की भट्टीवाले आत जातात तोवर कारखाना संपवाल्यांच्या ताब्यात आहे, आणि डोक्यावर बंदूक ठेवून बोलणी होत नाहीत. भट्टीवाल्यांनी चार दिवस बाहेर यावं, तेवढे दिवस त्याचे इंजिनियर आग राखतील, आणि तो कपातीची नोटीस मागे घेईल. तडजोडीत कोणीतरी पहिलं पाऊल टाकावंच लागतं, ताई.

भट्टीची जबाबदारी माझी. तिची राख झाली तर माझ्या तोंडाला फासा, असं सगळ्यांना सांग. मी सरकारी पत्र पाठवलं तर ते शंभर शंका काढतील. तू भावोजींना सांगितलंस तर ते ऐकतील, आणि भावोजींनी सांगितलं तर बाकीचे ऐकतील. त्या भट्टीवर मी वाढलो, तिच्यावर मी पाणी ओतीन का?

आईला नमस्कार. तुझा राग आणि लोभ दोन्ही असू दे, मला दोन्हींची सवय आहे.

तुझा टिल्लू

ता. १९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. हे आधी मुळीच तयार नव्हते. आग दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते, एवढंच म्हणत राहिले. मीच मागे लागले. माझ्या भावाचा शब्द तुम्हाला पुरत नाही का, असं विचारलं आणि जेवायचं ताट बाजूला सारून बसले. शेवटी गेले आणि सगळ्यांना बाहेर घेऊन आले. बहुतेकांनी तुझं नाव ऐकून एक अक्षर विचारलं नाही.

काल सकाळी धुरांड्यातून धूर निघेनासा झाला. इंजिनियर वगैरे कोणी आत गेलेलं नाही. फाटकाला नवं कुलूप आहे आणि बाहेर पोलीस. हे सांगतात की अजून वेळ गेलेली नाही, आजच्या दिवसात आत सोडलं तर भट्टी वाचेल. दूधवाल्याच्या दुकानातून तुला चारदा फोन केला. साहेब बैठकीत आहेत, असं चारही वेळा ऐकलं. म्हणून हे पत्र एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्या बंगल्यावर हातोहात पाठवते आहे.

टिल्लू, बैठक सोडून ऊठ. फाटक उघडायला एक फोन पुरे.

ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. तुझं पत्र मला त्याच दुपारी मिळालं होतं. पण त्या वेळी फाटक उघडलं असतं तर भट्टीवाल्यांच्या मागे सगळा जमाव आत घुसला असता, असा पोलिसांचा अहवाल होता. मला सगळ्या बाजू बघाव्या लागतात. मालकाने इंजिनियर का पाठवले नाहीत, हे मी त्याला कडक शब्दांत विचारलं आहे. खरं सांगायचं तर तो कारखाना आज ना उद्या बंद होणारच होता, मंत्रिमंडळात सगळ्यांचं तेच मत होतं. मी एका भट्टीचा मंत्री नाही, ताई. ही खुर्ची टिकली तर उद्या चार ठिकाणी कामगारांचं भलं करता येईल.

भावोजींसाठी मी सुरक्षा सल्लागार समितीवर जागा ठेवली आहे. आणि एक काम आहे. नदीपलीकडच्या काचकारखान्यातही संप झाला आहे. तिथले भट्टीवाले बाहेर यायला तयार नाहीत, माझ्या माणसांना फाटकातूनच परत पाठवतात. भावोजींना तिथे मान आहे. त्यांनी जाऊन माझा निरोप दिला तर लोक ऐकतील. या वेळी मी स्वतः लक्ष घालणार आहे.

आईला काही दिवस इकडे पाठव. बंगल्यात मोकळी खोली आहे. लोभ ठेवशील, अशी आशा करतो.

टिल्लू

ता. ३० मार्च

टिल्लूस,

आशीर्वाद लिहायला हात उचलेना, म्हणून लिहिलेला नाही.

मालकाचा सुंठीवाचून खोकला गेला. भट्टी मेली, कारण दाखवायला सापडलं, कारखाना बंद. आता भट्टीच्या पोटात थिजलेली काच फोडून काढायची आहे, म्हणजे जमीन विकता येईल. त्या कामाला त्याने रोजावर माणसं घेतली. हे त्यात आहेत. जन्मभर जिला विझू दिलं नाही, तिच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घण घालतात. परवा तू रेडिओवर बोललास की बंद कारखान्यातसुद्धा सरकारने लोकांना काम मिळवून दिलं. ते काम हे. आईने रेडिओ बंद केला आणि तेव्हापासून चाळीत कोणाकडे बसायला गेलेली नाही. बंगल्यातल्या खोलीचं तिला सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

नळावर मी गेले की बायका गप्प होतात. त्यांचं काय चुकलं? कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण माझ्या माहेरचं. यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर मी सुटले असते.

तुझा निरोप यांना वाचून दाखवला. मला वाटलं पत्र भिरकावून देतील. पण हात धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि नदीपलीकडे गेले. मीही गेले, या वेळी मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. तिथले भट्टीवाले फाटकाच्या आत उभे होते. यांनी तुझा निरोप शब्दही न बदलता सांगितला, की बाहेर या, आगीची जबाबदारी मंत्र्यांची. एका म्हाताऱ्याने विचारलं की हाच शब्द तुम्हालाही दिला होता का. हे हो म्हणाले. मग काय झालं, असं त्याने विचारलं. यांनी गजांतून दोन्ही हात आत घातले. काच फोडून तळवे चिरलेले आहेत, बोटं मिटत नाहीत. तो म्हातारा कितीतरी वेळ ते हात धरून उभा राहिला. मग सगळे आपापल्या पाळीवर परत गेले, आणि फाटकाला आतून कडी लागली. तिथली भट्टी जळते आहे. तुझा शब्द तिथे कोणी मागणार नाही, आणि इतरत्रही मागतील असं मला वाटत नाही.

समितीची जागा दुसऱ्या कोणाला दे. आईचं काही कमीजास्त झालं तर कळवीन, तेवढं माझ्यावर आहे. त्याखेरीज आता पत्र नको.

लोभ होता, म्हणून तर तो पहिला निरोप मी पोचवला.

ताई