मत मागायचं राहिलेलं घर

आप्पा, उद्या दुपारी तीन वाजेपर्यंत मला अर्ज मागे घेता येतो. जिल्हा परिषदेचा आपला गट या वेळी महिलांसाठी राखीव झाला आणि मी घोडेगावच्या तहसील कचेरीत जाऊन, तुम्ही जिथं रांगेत उभे राहायचात तिथंच उभी राहून, अपक्ष म्हणून अर्ज भरला. बासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. आज सकाळी तुमचा धाकटा मुलगा येऊन बसला. चहा अर्धा टाकून म्हणाला, "ताई, मागं घे. समोरच्यांनी शब्द दिलाय, बिनविरोध व्हतंय. तुझा जाहीर सत्कार करत्यात." मी विचारलं, कशाबद्दल. "मोठं मन दाखवल्याबद्दल." मला हसू आलं. त्याला वाटलं मी तयार झाले. जाताना सांगून गेला की उद्या अकराला गाडी पाठवतो, सही तेवढी करायची. त्याला काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे. पण त्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण एका घराचा प्रश्न आपल्या दोघांमध्ये चाळीस वर्षं तसाच राहिला आहे.

तुमच्या पहिल्या निवडणुकीत मी सातवीत होते, पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, बोर्डिंगला. सिस्टरांनी ऑफिसात बोलावलं तेव्हा मला वाटलं घरी काही वाईट घडलं. त्या म्हणाल्या, तुझे वडील आमदार झाले. मला खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि त्या ऑफिसात मुलींना कधी कुणी खुर्ची देत नसे. दिवाळीला घरी आले तेव्हा शिनोलीपासून घोडेगावपर्यंत भिंतींवर तुमची निशाणी, कपबशी, होती, गेरूत काढलेली, कान कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. ज्यानं त्या रंगवल्या तो तुमचा जुना सोबती. नदीकाठच्या गावातला, एका बैलजोडीचा शेतकरी. कुणी त्याला कान चुकल्याचं सांगितलं की म्हणायचा, "डावऱ्या मान्सानं काय करायचं राव? त्यांची बी मतं हायेत." तुम्ही हे वाक्य पुढे दोन्ही विजयी सभांत वापरलंत, आणि दर वेळी त्याच्याकडे बोट दाखवून वापरलंत.

आईचं स्वयंपाकघर म्हणजे तुमची खरी कचेरी होती. प्रचारातून पोरं दुपारी परतायची, पिठल्याचं पातेलं चुलीवर असायचं, आणि आई परातीत भाकरी थापता थापता एकच गोष्ट विचारायची, उद्या किती जण येतील जेवायला. दुसऱ्या निवडणुकीत पीठ दोनदा दळून आणावं लागलं आणि ती निकालाच्या आधीच म्हणाली, "हे येत्यात निवडून." तुम्ही तिला गप्प केलंत, पण खूश झाला होतात. मी त्या वेळी सतरा वर्षांची. तुम्ही मुंबईहून कागदांची चळत आणायचात, त्यात अधिकाऱ्यांची इंग्रजी टिपणं असायची, आणि मी तुम्हाला ती ओट्यावर बसून मराठीत सांगायची. आहुप्याच्या रस्त्याचं टिपण मला अजून आठवतं. साहेबानं लिहिलं होतं की लोकसंख्या पाहता रस्ता परवडत नाही. तुम्ही म्हणालात, "त्याला लिही, मानसं कमी हायेत म्हून पाय कमी दुखत न्हाईत." मी ते सभ्य इंग्रजीत लिहिलं. त्यासाठीच मला कॉन्व्हेंटात घातलं होतंत, आणि तुमच्या उपयोगी पडल्याचा मला केवढा गर्व होता.

त्या गर्वापायीच तिसऱ्या निवडणुकीत ते घडलं. आपल्याकडे दशक्रियेला पुढारी जातातच. नदीवर सकाळी प्रवचन होतं, मग एकेक जण माइक हातात घेऊन श्रद्धांजली वाहतो, आणि सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट पाहतात. तुम्ही प्रत्येक दशक्रियेला जायचात आणि माइक कधी घ्यायचा नाहीत. मागे लोकांत बसायचात, कावळा शिवला की उठायचात. प्रचार ऐन भरात असताना तो कपबशीवाला गेला. दहाव्याला तुम्ही आहुप्याकडे अडकलेले, म्हणून मला पाठवलंत. जुन्नरच्या बाजारातले लाऊडस्पीकरवाले चाचा, तुमच्या चारही निवडणुकांची जीप ज्यांनी चालवली ते, बरोबर होते. मी बावीस वर्षांची. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. माइक समोर आला आणि मी घेतला. बोलले फार छान. सिस्टरांनी शिकवलं होतं तसं, शेवटच्या ओळीतल्या माणसाकडे बघत, थांबत, आवाज खाली आणत. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि मग, इतकी माणसं ऐकताहेत हे पाहून, मी हात जोडले आणि म्हणाले, त्यांनी ज्या कपबशीवर प्रेम केलं तिच्यावर तुमचंही लक्ष असू द्या.

पिंडाला कावळा अजून शिवलेला नव्हता. नंतरही बराच वेळ शिवला नाही. ऊन चढलं. त्याच्या मुलानं काय काय कबूल केलं, बहिणीचं लग्न करीन, आईला सांभाळीन, तरी कावळे वडाच्या फांदीवरच. मागून कुणीतरी, फार हळू नाही, म्हणालं, "कसा शिवंल राव? मयताचं मत द्यायचं ऱ्हायलंय अजून." आणि लोक हसले. दशक्रियेला लोक हसले, आप्पा. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. परतताना चाचांनी कर्णा लावलाच नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बेटा, माइक माझा व्हता. मीच बंद करायला पायजे व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घेऊन त्या घरी गेलात. ओसरीवर, जमिनीवर बसलात, मला शेजारी बसवलंत. कपबशीवाल्याची बायको, त्या काकू, दारात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "पोर माझी हाये. चूक माझी हाये." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमदार, तुमची पोरगी लई चांगलं बोलली. पन आमचं मानूस गेलं व्हतं. तुमची सभा नव्हती." तुम्ही मान खाली घातलीत. जीपमध्ये बसताना मला एवढंच म्हणालात, "मत जित्या मानसाकडं मागायचं असतंय, बाय. आन ते बी त्याची येळ बघून." तेवढीच तुमची बोलणी मी आयुष्यात खाल्ली. मतमोजणीत त्या गावच्या पेटीनं आपल्याला खाली ओढलं. फरक थोडा होता. एकटं ते गाव नेहमीसारखं राहिलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा आमदार झाला असतात. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आपल्यापैकी कुणीही ते कधी उच्चारलं नाही.

चौथ्या वेळी तुम्ही मला पोस्टकार्ड टाकलंत, चार दिवस ये, बायकांच्या बैठका घे. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत असं कळवलं. आप्पा, त्या आठवड्यात एकही उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर नव्हती. मला त्या गावातून जीपमध्ये बसून जायचं नव्हतं, इतकंच. तुम्ही माझ्याशिवाय फिरलात आणि माझ्याशिवाय हरलात, या वेळी चांगले मोठ्या फरकानं, आणि आईनं सांगितलं की उरलेल्या भाकरी रोज गुरांना घालाव्या लागत होत्या. पुढच्या दिवाळीत तुम्ही मला तुमची मतदार यादी दिलीत. शाळेतून निघताना मुलींना पुस्तक देतात तशी, दोन्ही हातांनी. कोपरे मुडपलेले, प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं तुमचं बारीक अक्षर. "म्हैस आजारी." "पोरगा पुण्यात, गणपतीला येतो." "देणार न्हाई, पण चहा चांगला." ती यादी मी किती वेळा वाचली असेल. मुंबईच्या सभागृहात तुम्ही काय बोललात ते छापील स्वरूपात आहे, पण तुम्ही कसे होतात ते त्या पेन्सिलीत आहे. त्या काकूंच्या नावापुढे लिहिलं आहे, "बसायचं. मागायचं न्हाई."

म्हणून गेल्या आठवड्यात मी तसंच ठरवून गेले. आता गाव ओळखू येत नाही. घाटाला फरशी झाली आहे, ऊस अगदी रस्त्याला येऊन भिडला आहे, आणि बिबट्याच्या भीतीनं सगळे दिवस मावळायच्या आत घरात. त्यांचा नातू अवसरीला इंजिनीअरिंग शिकतो, त्यानंच दार उघडलं. काकू पलंगावर बसल्या होत्या, पाठ अजून ताठ. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आमदाराची पोरगी नव्हं? भाषन करनारी?" मी हो म्हटलं. मी जमिनीवर बसणार होते, त्यांनी खुर्ची दाखवली. मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, तुमच्या सुनेबद्दल, कांद्याबद्दल. मी उठायला लागले.

"आन मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही काकू. तुम्हाला भेटायला आले होते."

"खोटं बोलू नगं. अर्ज भरलाय म्हनत्यात."

"भरलाय. पण तुमच्याकडं मत मागायला नाही आले. आप्पांनी सांगून ठेवलंय, तुमच्या घरी मागायचं नाही."

नातू मोबाइल बाजूला ठेवून ऐकायला लागला होता. "तुझा बाप दर वर्साला यायचा," त्या म्हणाल्या. "हितंच बसायचा. दिवाळीची करंजी खायचा, पोरांची चौकशी करायचा, आन जायचा. विलेक्शन आलं तवाबी आला. आमी समदी घरात. मला वाटलं आता मागंल. म्या चा दोनदा टाकला. न्हाई मागितलं. उठून गेला."

"तुमचा राग असेल म्हणून..."

"राग तवा व्हता. पाच वर्सं कुनाचा ऱ्हातो? आमच्या मान्सानं ज्याच्यासाठी भिती रंगवल्या त्यानं आमच्या दारात येऊन तोंड उघडू न्हाई, म्हंजी आमी काय मेलेलीच? न्हाई दिलं म्या. गावाला बी सांगितलं, ज्याला आपली गरज न्हाई त्याला कशाला द्यायचं." मग माझ्याकडे पाहून, "मेलेल्याच्या म्होरं मागितलंस. आता जित्या म्हातारीकडं मागाया लाज वाटती व्हय?"

नातू हसला. आप्पा, मी उठून उभी राहिले, कारण खुर्चीत बसून मागणं मला बरं वाटेना. हात जोडले. वक्तृत्वातलं काहीही आठवलं नाही. म्हटलं, काकू, मी उभी आहे, मला मत द्या. शेवटच्या ओळीत बघायला शेवटची ओळच नव्हती. त्यांनी माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं, बाजारात वांगी बघतात तसं.

"बघू," त्या म्हणाल्या. आणि नातवाला, "चा टाक रं."

घरी येताना मी एवढी आनंदात होते की रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, कुठं लग्न जमलं का?" मी म्हटलं, जमल्यासारखं आहे. मग मात्र तुमचा राग आला, पहिल्यांदाच. तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत हे ठीक, पण ती एवढी सांभाळून ठेवलीत की एका घराला, आणि त्याच्यामागे एका गावाला, तुम्ही मोकळेपणानं मागू शकला नाहीत. तुम्हाला वाटलं तुम्ही त्यांचा मान राखता आहात. त्यांना वाटलं तुम्ही त्यांना मोजतच नाही. मी तुमच्याबरोबर त्या चौथ्या फेरीत असते तर मीच तुम्हाला कोपरानं ढोसलं असतं, आप्पा, मागा की, चहा दुसऱ्यांदा टाकला त्यांनी. घोडेगावात मी तुमच्याइतकं राजकारण कुणालाच शिकवू शकणार नाही, पण एवढी एक गोष्ट मला आता तुमच्यापेक्षा जास्त कळते, आणि ते लिहिताना मला अपराधी वाटत नाही. तुमच्या यादीवर मी त्या ओळीशेजारी पेननं लिहिलं आहे, "मागितलं." तुमचं पुसलेलं नाही.

उद्या गाडी येईल. मी धाकट्याला चहा देईन आणि सांगेन की सही करायला येत नाही. तो चिडेल, तुमचं नाव घेईल, आप्पा असते तर मोठ्या मनानं मागं घेतलं असतं म्हणेल. कदाचित घेतलंही असतंत. मग मी रोजच्यासारखी बाहेर पडेन. वाड्यावस्त्यांवर विचारतात, बाई, या वयात कशाला, आणि मी सगळीकडे एकच उत्तर देते आहे, आप्पांचं राहिलेलं काम पुरं करायचंय म्हणून. लोकांना ते फार आवडतं, म्हाताऱ्या माना हलवतात, कुणी कुणी डोळे पुसतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते, ते खरं नाही. तुमच्यासाठी मी उभी राहिलेली नाही. मला स्वतःला निवडून यायचं आहे, आप्पा, खूप, आणि तुमचं नाव मी फक्त दारं उघडायला वापरते.