सातव्या ओळीतली मूठ

१९ एप्रिल
बारा ओळी, ओळीला चाळीस पिशव्या. चारशे ऐंशी पिशव्यांतलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, बाहेर काढून काकडीची जुनी मुळं हातानं वेचली. पाच दिवस. आणि सूनबाई म्हणते, नुसती मुळं काढून भागत न्हाय अण्णा, गेल्या पिकात मर लागली होती, बुरशी भुशात बसून राहते. ओलं करून प्लास्टिकखाली उन्हात भाजायला पाहिजे.

भाजायला! निकितानं कृषी पदविका केली, दोन वर्षं. मी सोळा वर्षं पिशव्यांत हात घालून शिकलो. मी पॉलिहाऊस उभं केलं तेव्हा नळदुर्गात लोक विचारायचे, कोकोपीट खातात का लावतात.

नंदीशनं निवाडा केला, माझ्याकडं न बघता. निम्म्या ओळी तुमच्या, निम्म्या तिच्या. ज्याच्या ओळी टिकतील त्याची रीत पुढच्या पिकाला सगळ्या शेडला. पोटचा पोरगा! बापाची परीक्षा घेतो.

२६ एप्रिल
माझ्या सहा ओळी धुऊन झाल्या. निचऱ्याच्या पाण्यातल्या क्षारांचा आकडा, ईसी, ३.१ वरून ०.८. कॅल्शियम नायट्रेटमध्ये एक दिवस भिजवून पुन्हा धुतलं. प्रत्येक पिशवी मोजली, एकही सोडली नाही.

६ मे
तिचं भाजणं सुरू. आत थर्मामीटर खुपसून दुपारी दोनला आकडा लिहिते. वर प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पाटी टांगली आहे : ओळ, रीत, तारीख, जबाबदार. शाळा मांडली आहे शेडमध्ये. अक्षर तर असं की 'ळ' पालथा पडलेला. मी माझ्या पाट्या स्वतः लिहिल्या : जबाबदार, शरणप्पा.

७ जून
तिनं भाजलेला भुसा चाळून पिशव्या भरल्या. हातात घेऊन पाहिला. वास नाही, काही नाही. मेलेला भुसा.

९ जून
निकिता दोन दिवस माहेरी, येरमाळ्याला. परवा लागवड.

दर पिकाला करतो ते केलं. मागच्या पिकातल्या जोमदार वेलांखालचं कोकोपीट मी वेगळं काढून ड्रममध्ये ठेवतो — न धुता, मुळांच्या केसांसकट. त्यातच जीव असतो. नव्या पिशवीत त्याची एकेक मूठ. विरजण म्हणतो मी त्याला. पुस्तकात नाही सापडायचं.

माझ्या सहा ओळींना दिलं. मग तिच्या सातव्या ओळीलाही दिलं. चाळीस मुठी. उरलेल्या पाच ओळींपेक्षा सातवी उठून दिसेल, तेव्हा सगळ्यांसमोर सांगीन का दिसते ते. तोवर गप्प.

१० जुलै
सातवी ओळ खरंच उठून दिसते! निकिता तिथं थांबून बघत होती. बघू दे!

१४ जुलै
सातव्या ओळीत दुपारी चार वेल माना टाकून. माझ्या सहा ओळींत मिळून तीन. माझे ड्रिपर तुंबले असणार.

१९ जुलै
सातवी : चाळीसपैकी एकोणतीस गेले. माझ्या दोनशे चाळीसांत अकरा. आठ ते बारा : एकही नाही. त्याकडं कुणी बघत नाही, सगळे सातव्या ओळीपाशीच उभे.

शेजारचा गुंडाप्पा आला. म्हणाला, "सुनंनं लईच भाजलं की ओ अण्णा." मी हसलो. नंदीश शेडमध्येच तिच्यावर ओरडला, गुंडाप्पादेखत. ती एवढंच म्हणाली की सातव्या ओळीचं प्लास्टिक कुठंतरी फाटलं असेल, चूक माझी. नंदीश म्हणाला, पुढच्या पिकाला धुवायचं, भाजायचं न्हाय.

ती गेल्यावर पाटी पाहिली. खाली नवी ओळ लिहिली आहे : मर. जबाबदार, निकिता.

२० जुलै
जिंकलो.

२१ जुलै
तिच्या वहीत सातव्या ओळीच्या भुशाचे आकडे पाहिले. दुपारी दोनला ५१, ५२, ५०. प्लास्टिक फाटलं असतं तर एवढे चढले नसते. मग फाटलं असेल असं का म्हणाली?

२३ जुलै
बायको शिवकांता दुधाला विरजण लावत होती. सहज विचारलं, दूध चांगलं उकळलेलं असून दही बिघडतं का कधी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "विरजणच नासकं असलं तर उकळून काय उपेग? उलट कोऱ्या दुधात लवकर पसरतं."

ड्रमकडं जाऊन झाकण उघडून पाहिलं.

२४ जुलै
दोन ट्रे. एकात ड्रममधलं, एकात तिचं भाजलेलं, उरलं होतं ते. दहा-दहा बिया, एकाच पाकिटातल्या. पाणी मोजून, सारखं. एकदाचं कळू दे.

६ ऑगस्ट
ड्रमच्या ट्रेत दहा उगवली, आठ बुडाशी सडून आडवी. भाजलेल्यात दहाच्या दहा उभी. म्हणजे सोळा वर्षं मी दर पिकाची मर मूठमूठ वाटत आलो!

ट्रे उचलत होतो तर निकिता मागं उभी. किती वेळ, देव जाणे. ट्रे बघितले, एक हातात घेतला आणि म्हणाली, "सातव्या ओळीत मुळांचे केस होते अण्णा. माझा भुसा चाळलेला. लागवडीदिवशीच दिसलं मला."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तेव्हाच मूठ काढून टाकली असती तर ओळ वाचली असती.

म्हणाली, "तेव्हा वाटलं, अण्णांचं काहीतरी असंल, बघू. नंतर बोलले असते तर तुम्ही न्हाय म्हणाला असता. मग ह्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडावं लागलं असतं."

मी म्हणालो, ट्रे असा कडेला धरू नये, वाकतो.

राग येतो मला हिचा. चुकली असती तर कमी आला असता. हिनं मला झाकलं! मला!

७ ऑगस्ट
गुंडाप्पा आला होता, नंदीशही शेडमध्ये होता. त्यांच्यासमोर सातव्या ओळीची पाटी पुसली. लिहिलं : ओळ सातवी. मर. न भाजलेल्या भुशाची मूठ, ९ जून. जबाबदार, शरणप्पा.

'ळ' सरळ काढला.