हात खाली येईपर्यंत

१ फेब्रुवारी
आले एकदाची नायगावात! हितेंद्र सरांचा दाताचा दवाखाना आजपासून माझ्या एकटीच्या ताब्यात. सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने लेकीकडे पुण्याला गेलेत. मला दवाखाना, झोपायला पोटमाळा आणि कोरा एप्रन मिळालाय. सावंतवाडीहून आलेल्या मुलीला आणखी काय हवं? समोर बीडीडी चाळ. पुनर्विकासासाठी जवळजवळ रिकामी झालीय, दारांना सील. संध्याकाळी चहा घेऊन खिडकीत बसले आणि गावच्या सवयीने समोर कुणाला तरी हात करायला गेले. कुणीच नव्हतं. स्वतःचंच हसू आलं, मग जरा वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी
सरांनी फोनवर एकच नियम तीनदा ऐकवला. सुईच्या टोपणात पाणी गोठवून बर्फाची कांडी करायची. ती आधी चांगल्या दाताला लावायची, मग दुखऱ्या. पेशंटने कळ आली की डावा हात वर करायचा, कळ गेली की खाली. हात पटकन खाली आला तर नस धडधाकट. वरच राहिला तर नस सुजलेली, रूट कॅनल करायचं. वर आलाच नाही तर नस मेलेली. हात खाली येईपर्यंत नजर हलवायची नाही, असं सरांनी बजावलं. कॉलेजात काय माशा मारत होते मी? पण हो हो म्हटलं.

६ फेब्रुवारी
माझं पहिलं रूट कॅनल! पेशंट शेवंताबाई, समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर उरलेल्या एकट्या. पूर्वी गिरणीत होत्या. डाव्या हाताची अर्धी करंगळी मशीनने नेली. खालची उजवी दाढ दुखते म्हणाल्या. इतके दिवस अंगावर का काढलंत, म्हणून मी रागावले. त्या म्हणाल्या, “दुखता तेवा घरात कोणतरी आसा असा वाटता.”
 दाढेला बर्फ लावला, हात वर गेला. मी वळून इंजेक्शन भरलं. तासाभरात नस बाहेर! आईला फोन केला, ती पेढे वाटणार आहे.

७ फेब्रुवारी
काल एक गोष्ट लिहिली नाही. नस गुलाबी होती, ताजी. रक्तही मिनिटात थांबलं. चांगली दाढ मारली मी. दुखणं वरच्या दाढेचं असणार, ते असं खाली जाणवतं. आधी चांगला दात तपासला नाही. हात खाली आलेला पाहिलाच नाही.
सरांचा फोन आला. सगळं नियमाने केलं, असं सांगितलं. मला स्वतःची लाज वाटते.

१२ फेब्रुवारी
शेवंताबाई पुढच्या तारखेला आल्या नाहीत. त्यांच्या भाचीला, प्रितीला फोन केला. तिने मावशीला आपल्याकडे नेलंय. दात मुळीच दुखत नाही म्हणाली. फक्त उकळता चहा घटाघटा पिते, तोंड भाजलं तरी तिला कळत नाही. बोलतही नाही, नुसती बसून असते.
आता समोर कुणीच राहत नाही. गेटला कुलूप.

१७ फेब्रुवारी
दुपारी पोलीस लाइनीतला नील आला. गार पाण्याने दात ठणकतात म्हणे. चांगल्या दाताला बर्फ लावला. हात हलला नाही. दुखऱ्याला लावला, तरी नाही. खिडकीतून समोरच्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर, एक हात वर जाताना दिसला.
डावा. करंगळी अर्धी.

१८ फेब्रुवारी
प्रितीला फोन केला. मावशी तिच्यासमोरच बसलीय म्हणाली.
दोन पेशंट आले. दोघांनाही काही जाणवलं नाही. समोरचा हात मात्र— चार वाजले तरी खाली आलेला नाही. कालपासून वरच आहे. थकत कसा नाही तो?

१९ फेब्रुवारी
दवाखाना बंद ठेवला. आईचा फोन उचलला नाही. माझी खालची उजवी दाढ दुखतेय. खरं सांगू? बरं वाटतंय. कुणीतरी सोबत आहे असं—

२० फेब्रुवारी
सकाळी सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, शेवंताबाईंकडे जा, माफी माग. जाणार आहे. आधी फक्त—
आरशासमोर स्वतःच्या दाढेला बर्फ लावला. काही नाही. शेजारच्या दाताला. काही नाही. सगळे दात—
खिडकीशी गेले. या वेळी नजर हलवली नाही. शेवंताबाई, चुकले मी, असं मोठ्याने म्हटलं.
हात खाली आला. सावकाश. गॅलरी रिकामी झाली. किती सुटल्यासारखं वाटलं, रडलेसुद्धा.
आता निघायचं. उजव्या हाताने हे लिहितेय. डावा मघापासून वर आहे. दुखत काहीच नाही, फक्त तो खाली—