सात नंबरच्या डब्याचं कार्ड

धारणी,
आश्विन शुद्ध चतुर्थी, शके १८८३

प्रिय माणिक,

चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते आधी उलटंपालटं करशील, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणशील की कचेरीचं काहीतरी दिसतं. खुशाल म्हण. अर्धं खरंच आहे. कागद कचेरीचा, शाई कचेरीची, चूक तेवढी माझी स्वतःची. बाहेर जीपच्या चाकाला ठिगळ लावणं चाललं आहे, ते वाळेपर्यंत मला वेळ आहे. आमच्या कचेरीतला देवमन, हो, तोच देवमन, परवा सांजेपासून तापीकडच्या जंगलात एका नाल्यात पाय मोडून पडला आहे. जिवंत आहे असं मी धरून चाललो आहे. दुसरं काही धरून चालायची माझी हिंमत नाही.

तुला आमची व्यवस्था सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमची कचेरी नद्यानाल्यांची मोजणी करते. दोन-दोन, तीन-तीन माणसं आठ-दहा दिवसांसाठी जंगलात जातात. मागच्या साली एक जण वाट चुकला तो सहाव्या दिवशी सापडला, पाला खाऊन राहिलेला. तेव्हापासून साहेबांनी प्रत्येक टोळीला एक पत्र्याचा डबा द्यायला सुरुवात केली. डब्यात इशाऱ्याचे तीन बाण, दिवाळीतल्यासारखेच, पण उंच जाणारे. प्रत्येक डब्याचा नंबर वेगळा, रंगांचा मेळ वेगळा. सात नंबरचे दोन लाल, एक हिरवा. डबा नेणाऱ्याने एक कार्ड भरायचं: कोण, कुठल्या नाल्याने जाणार, कधी परतणार. मी ते रजिस्टरात चढवायचं आणि त्या डब्याची जुनी नोंद खोडायची. मग कोणालाही, कुठूनही रंग दिसले की रजिस्टर उघडायचं आणि नेमकं तिथंच धावायचं. लिहायचं आणि खोडायचं, एवढ्यासाठी मला पगार आहे. अकोल्याच्या पाठशाळेत आठ वर्षं संस्कृत घोकलं, त्याचं हे फळ.

कार्डाच्या तळाशी एक ओळ आहे: अपघात घडल्यास कोणास कळवावे. या ओळीने भलेभले घामाघूम होतात. एकाने ‘मारुतीस’ लिहिलं. एकाने सासूचं नाव घातलं आणि मला सांगितलं, तेवढाच तिले आनंद. एक जण चार दिवस कार्ड घेऊन फिरला आणि तसंच कोरं परत केलं. मी त्या सगळ्यांना हसायचो. इथे सगळे मला गुरुजी म्हणतात, आणि शहाणपणाने हसणं हे गुरुजीचं कामच असतं.

देवमनने मात्र कार्ड धडाधड भरलं. तळाच्या ओळीत सरळ लिहिलं, ‘पत्नी मैना, मुक्काम भातकुली.’ मैनाला सातवा महिना आहे. लग्नानंतर चार वर्षांनी. तो दिवस भाद्रपद वद्य चतुर्दशीचा. पितृपक्ष, त्यात रिक्ता म्हणजे अशुभ तिथी, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. मी टाक उचलला, शाईत बुडवला, आणि त्या पोटुशी बाईचं नाव अपघाताच्या ओळीखाली उतरवायला माझा हात काही चालेना. आई पितृपक्षात नवं मडकंसुद्धा घरात आणू देत नसे, आठवतं? तो हात आईचा होता, माणिक. मी म्हटलं, घटस्थापनेला चढवू, दोनच दिवस तर आहेत. देवमन हसला. म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचे पितर मले काहून आडवे येऊन राहिले?’’ मी पण हसलो, आणि ते कार्ड पंचांगात ठेवून पंचांग घरी नेलं. तो जोडीदार पुंजारामला घेऊन, डबा खांद्याला लावून गेला.

घटस्थापनेला मला हिवताप आला. दोन दिवस मी गोधडीखाली होतो, आणि खरं सांगतो, कार्डाची आठवण एकदाही झाली नाही.

द्वितीयेच्या सांजेला घाटातून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने ढगांवर उजेड पाहिला. लाल, लाल, हिरवा. वळणावळणाच्या रस्त्यावर दिशा त्याला सांगता आली नाही, पण रंग त्याने चोख पाहिले आणि कचेरीत येऊन नत्थुजींना सांगितले. नत्थुजी आमचे शिपाई, सज्जन माणूस. त्यांनी रजिस्टर उघडलं. सात नंबरपुढे न खोडलेली जुनी नोंद होती, मागच्या महिन्यातली, सेमाडोहकडच्या टोळीची. त्या टोळीने डबा परत करून दुसरा नेला होता. हे मला ठाऊक होतं, रजिस्टराला नव्हतं. जीप सेमाडोहला गेली, म्हणजे देवमनच्या अगदी उलट दिशेला. पावसाने रस्ते खाल्लेले. टोळी सापडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, झाडाखाली कणसं भाजत बसलेली. ‘आमी कुठं हरवलो?’ म्हणून त्यांनी जीपवाल्यांनाच विचारलं.

काल तिन्हीसांजेला ताप उतरला म्हणून मी कचेरीत आलो तेव्हा जीप नुकतीच परतली होती. सगळे ओट्यावर बसून चकित झाले होते, की मग बाण सोडले कोणी? मी तसाच मागे फिरलो. खोलीवर गेलो, पंचांग उघडलं, कार्ड घेऊन आलो आणि साहेबांच्या पुढे ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कार्डावरची तारीख पाहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत राहिले. सेमाडोहच्या रस्त्याने जीपचं चाक फाडलं होतं, ठिगळाचं सामान आज दुपारच्या बसने आलं, तोवर निघता आलं नाही.

आज सकाळी पुंजाराम आला. पाय सुजून केळीच्या खांबासारखे झालेले. देवमन दरड उतरताना घसरला, मांडीचं हाड गेलं. त्याला एका खडकाच्या आडोशाला ठेवून, पाणी भरून देऊन हा निघाला आणि वाट चुकत चुकत पोचला. रडत नव्हता. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाला, ‘‘मी तं रातीच निघणार होतो गुरुजी. तो म्हणे, भिऊ नको, कार्ड गुरुजीजवळ हाय, जीप सकाळपर्यंत इथंच येते. दिवसभर आमी रस्त्याकडं पाहून राहिलो.’’

हे वाक्य सकाळपासून माझ्या कानात आहे. जेवताना आहे, लिहिताना आहे.

लहानपणी जागलीला मचाणावर बसायचो तेव्हा कोल्हेकुई सुरू झाली की तू माझ्या सदऱ्यात तोंड खुपसायचीस आणि मी तुला मोठमोठ्याने शब्द चालवून दाखवायचो. देव, वन, माला. तुला वाटायचं, भाऊला मंत्र येतात. तुला कधी सांगितलं नाही, तुझ्याहून जास्त मी भ्यायचो, आणि सातव्या विभक्तीपर्यंत जाईतो कोल्हे आपोआप थांबायचे. आज दुपारभर वन चालवून पाहिलं. तिसरीतच अडकतो. डोळ्यांपुढे तो खडक येतो, आणि दोन रात्री. तिकडे अस्वलं आहेत. काल पाऊस झाला. नाल्याला पाणी किती आलं असेल हे मी, नद्या मोजणाऱ्या कचेरीतला माणूस, कोणाला विचारू शकत नाही, कारण उत्तर ऐकायची भीती वाटते.

देवमनच्या लग्नात मी भातकुलीला गावकुसाबाहेर त्यांच्या पंगतीत जेवलो, हे तुझ्या सासरी कळलं. त्या भाऊबीजेला तू निरोप पाठवलास की यंदा येऊ नकोस, घरात अडचण आहे. मी उलट चार पानांचं पत्र लिहिलं. त्यात तुला आणि तुझ्या घराला जे काही ऐकवलं, ते मला अजून पाठ आहे. फार सुंदर वाक्यं होती. माणसाला माणूस म्हणून पाहणारा एक मीच, आणि तुम्ही सगळे जुन्या चुलीतली राख. माणिक, ते पत्र आता जाळून टाक. तुम्ही त्याचं नुसतं पाणी नाकारलंत. मी त्याच्या घरी जेवलो, त्याला मित्र म्हटलं, आणि माझ्या पितरांसाठी त्याची नोंद नाकारली.

ठिगळ लागलं वाटतं. जीपचा आवाज येतो आहे. रस्त्यापुढे पायी जायचं आहे, नाल्याला दोन फाटे आहेत, वाट चुकलेल्या पुंजारामला नेमका कुठला ते सांगता येत नाही, माणसं दोन्हीकडे पुरत नाहीत, म्हणून मी येतो म्हणालो. साहेबांनी माझ्या पोटाकडे आणि चपलांकडे पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत. मला तीन नंबरचा डबा मिळाला आहे. माझं कार्ड मीच भरलं आणि मीच रजिस्टरात चढवलं. आजही रिक्ता तिथी आहे, पंचांग पाहायची गरज पडली नाही. फक्त तळाच्या ओळीशी थांबलो. तुझी वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. लिहिण्यासारखं नाव मला एकच सुचलं. तुला न विचारता तुझं नाव लिहिलं आहे. आवडलं नसेल तर मी परत आल्यावर भांड. पण खरं काम वेगळंच आहे, त्यासाठी हे पत्र. देवमनच्या कार्डावर लिहिल्याप्रमाणे आज सकाळी मी मैनाला तार केली: ‘देवमन जखमी, शोध चालू.’ तिच्याजवळ घरात कोणी नाही. हे पत्र आजच्याच बसने टाका, आमच्या परतण्याची वाट पाहू नका, असं नत्थुजींना बजावलं आहे. हातात पडेल त्या दिवशी अमावास्या असो की ग्रहण, तू अमरावतीहून भातकुलीची मोटार धर. कोणाला सांगून जा किंवा न सांगता जा. मैनाला खरं सांग, की उशीर गुरुजींनी केला. मग तिच्याजवळ बस, तार येईपर्यंत. ती आधी तुला पाणी देईल. घे.

तुझाच,
भाऊ