बाजूचा डबा

पारनेर, गुरुवार

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

तब्येत बरी आहे, फक्त झोप पुरत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आईला सांगा, लोणचं अजून शिल्लक आहे.

आज नववीला संख्या शिकवल्या. तुम्ही शिकवायचात तशाच, घरचे डबे वर्गात नेऊन. नैसर्गिक संख्यांचा डबा पूर्ण संख्यांच्या डब्यात, तो पूर्णांकांच्या, तो परिमेयांच्या. इथवर ठीक होतं. मग मी ते सगळे उचलून अपरिमेयांच्या डब्यात घातले.

निकिता म्हणून एक मुलगी आहे. ती हळूच म्हणाली, "बाई, मग तीन पण अपरिमेय हाय का?"

बारा वर्षांत असं कधी चुकले नव्हते. अपरिमेयांचा डबा रिकामा करून परिमेयांच्या डब्याशेजारी ठेवला आणि दोन्ही डबे एका मोठ्या पातेल्यात ठेवले. ते पातेलं म्हणजे वास्तव संख्या.

बदलीच्या यादीत यंदाही माझं नाव नाही. माझी मैत्रेयी तिथे विचारते का हो, आई कधी येणार म्हणून? तिला आपलं मोठं पातेलं दाखवा, त्यात दोन डबे ठेवा. म्हणावं, आई याच पातेल्यात आहे, फक्त बाजूच्या डब्यात.

तुमची,
नीलांबरी