रिकामा ट्रक

ओमाहा,
११ फेब्रुवारी २००९

प्रिय डेनी,

अनेक आशीर्वाद. बायको-पोरी बऱ्या असतील. इथे कडाक्याची थंडी आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. रविवारी तू येऊन गेलास असं शेजारच्या अर्लीनने सांगितलं. चुकामूक झाली बघ. मी चर्चमध्ये होते.

रागावू नकोस, पण तूच विचार कर. इतक्या वर्षांत नाताळाला साधं कार्ड नाही, आणि तिकडे ओहायोत तुझा गाड्यांचा कारखाना बंद पडल्याबरोबर आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन फोन! "आत्या, गुडघे कसे आहेत? आत्या, दारातला बर्फ कोण काढतं गं?" तुझ्या बापाने, माझ्या सख्ख्या भावाने, माझ्या गुडघ्यांची कधी चौकशी केली नाही. त्यात पेपरात छापून आलं, सगळा देश बुडतोय पण ओमाहातल्या घरांच्या किमती टिकून आहेत. म्हटलं, ब्लँच, सांभाळ. पोराचा घरावर डोळा आहे.

पेपरवाले म्हणे, मजबूत शहर! डोंबल. संशयी म्हण. इथला बँकवाला बालमित्राचीही उलटतपासणी केल्याशिवाय कर्ज देत नाही, म्हणून तर वाचलो आम्ही. मीही याच गावची.

म्हणून तुला फोनवर सांगितलं की इथेही सगळं बसलंय, कुठे काम नाही, घर गरम ठेवायलाही माझ्याकडे पैसे नाहीत. खोटं होतं रे ते. म्हटलं, बघू आता फोन येतो का. नाही आला. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

आणि रविवारी दारात ट्रक. मागे रिकामा.

चर्चला गेले नव्हते मी, डेनी. पडद्याआड उभी होते. वाटलं, आला सामान उचलायला. तू दार ठोकत होतास, "आत्या, अगं मी आहे!" आणि मी श्वास रोखून धरला. माझ्या भावाचा पोरगा, बाहेर त्या वाऱ्यात.

काल अर्लीन जर्दाळू भरलेले गोड पाव, तिचे ते कोलाचे, घेऊन आली आणि तिने मला चांगलंच झाडलं. "अगं बये, तुला न्यायला आला होता तो! म्हणाला, आमचंही घर बँकेच्या घशात जायचंय, पण तोवर ऊब तरी आहे. आत्याला तिच्या खुर्चीशिवाय झोप लागत नाही, म्हणून ट्रक मागून आणला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

इथे काम आहे. रेल्वेच्या दुरुस्ती शेडमध्ये मेकॅनिक हवेत. अर्लीनचा जावई तिथेच आहे, तो तुझ्यासाठी शब्द टाकतोय. वरच्या दोन्ही खोल्या मी झाडून घेतल्यात. पोरींना घेऊन, ट्रक भरून ये. म्हातारीचा यात काय डाव असेल, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. तो तुझा हक्कच आहे. पण तू ये रे.

आशीर्वाद देण्याऐवजी हात जोडणारी,
ब्लँच आत्या